बयाबाईच्या घशातली गाठ

भाटघर धरणाचं पाणी डोंगरात शिरून अरुंद होतं, तिथून तासभर वर चढलं की पाच घरांचा धनगरवाडा लागतो. बयाबाई ढेबे तिथली. वय पन्नाशीच्या थोडं पुढं, अंगानं काटक. आवाज असा की समोरच्या कड्याखाली चरणारी म्हैस तिनं नाव घेतलं की मान वर करायची. खालच्या रस्त्यावर दुधाचा टेम्पो थांबवायचा असला तर नवरा हैबती स्वतः ओरडत नसे, बायकोला सांगे.

गेल्या दिवाळीनंतर तो आवाज बसला.

सुरुवातीला कुणी मनावर घेतलं नाही. थंडी होती, भाताची झोडणी नुकतीच झालेली, नाकातोंडात धूळ गेलेली. तिनं हळदीचं दूध घेतलं, ज्येष्ठमध चघळला. संक्रांत झाली तरी तोंडातून नुसती हवाच येत होती. म्हशींना बोलवायला ती पत्र्याचा डबा बडवू लागली. खोकला म्हणावा तर सकाळी चुलीपाशी येणारा तेवढाच, तोही लग्न होऊन आल्यापासूनचा. भोरच्या एका डॉक्टरनं गोळ्या दिल्या, दुसऱ्यानं त्या बदलल्या. मग घास गिळताना कानापर्यंत कळ जायला लागली. भाकरी दुधात कुस्करून खायची, तीही अर्धी उरायची. चोळीच्या बाह्या सैल झाल्या.

तिसऱ्या डॉक्टरनं घशात आरसा घालून पाहिलं.

“मिश्री लावता?”

“व्हय. पोर व्हते तवापास्नं.”

“आत गाठीसारखं दिसतंय. पुण्याला मोठ्या दवाखान्यात जा. उशीर करू नका.”

त्यानं रोगाचं नाव घेतलं नाही. घेण्याची गरजही नव्हती. खालच्या गावची चंद्राबाई दोन वर्षांपूर्वी अशाच गाठीनं गेली होती. तिच्या गळ्याला भोक पाडून नळी बसवली होती. बयाबाई तिला भेटायला गेली, तेव्हा त्या नळीतल्या श्वासाची शिट्टी अंगणातच ऐकू आली होती. तिनं उंबऱ्याच्या आत पाय टाकला नव्हता.

“म्या न्हाई जायची पुण्याला,” ती हैबतीला कुजबुजत म्हणाली. “गळा कापत्यात तिथं.”

हैबती रागावला, मग विनवण्या केल्या, मग गप्प बसला. मुलगा सोमनाथ शिरवळला कंपनीत कामाला, तो फोनवरून ओरडायचा. बयाबाई फोन हातात घ्यायची नाही. आपले थोडेच दिवस उरलेत असं तिनं ठरवून टाकलं होतं. ते दिवस तिनं नातीला दिले.

नात अकरा महिन्यांची. कागदावरचं नाव वेगळं, पण हैबतीच्या आईवरून घरात सगळे तिला ठकूच म्हणत. बयाबाई दिवसभर तिला मांडीवर घेऊन बसायची. आवाज नव्हता, म्हणून तिच्या गालाला गाल लावून कानात बोलायची. आपल्या माहेरचं सांगायची, म्हशींची नावं सांगायची. पोर खुदखुदायची. सून धनश्री चुलीपाशी बसून बघायची आणि डोळे पुसायची. बारा दिवस असे गेले.

तेराव्या दिवशी दुपारी झऱ्यावरून हंडा घेऊन चढताना बयाबाईला श्वास पुरेना. ती खडकाला टेकली, तोंड उघडून हवा ओढली. आपल्याच गळ्यातून तिला शिट्टी ऐकू आली. बारीक, लांब. चंद्राबाईच्या अंगणात ऐकलेली तशीच. हंडा तिथंच टाकून ती घरी आली आणि हैबतीला म्हणाली, “चला. आत्ताच्या आत्ता.”

पुण्याच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर सुलक्षणा म्हणून एक तरुण बाई होत्या. त्यांनी नळी घालून घसा पाहिला, गाठीचा बारीक तुकडा तपासायला काढला. छातीचा फोटोही काढायला लावला आणि बेडका डबीत मागितला. हैबतीला ते कळेना.

“दुखणं घशाचं हाय, बाई. छाती कशाला?”

फोटो आला. डॉक्टरांनी तो खिडकीपाशी धरला. उजव्या फुप्फुसाच्या वरच्या टोकाला पांढुरका डाग होता.

“छातीत बी पसरलं?” हैबतीनं विचारलं.

“तपासणी येऊ द्या. आधीच काही ठरवू नका.”

सहा दिवस वॉर्डात काढले. शेजारच्या खाटेवरच्या बाईच्या गळ्याला नळी होती. बयाबाई तिकडं पाठ करून भिंतीकडं तोंड करून पडायची. हैबतीनं जेवणाचं ताट पुढं केलं की नुसती मान हलवायची. सातव्या दिवशी सकाळी डॉक्टर कागद घेऊन आल्या. त्यांनी आधी नाकावरचा मास्क नीट केला, मग बयाबाईच्या हातात एक मास्क दिला.

“मावशी, कॅन्सर नाही. टीबी आहे. छातीत आहे आणि तिथूनच घशात आलाय. गळा कापायचा नाही. सहा महिने गोळ्या घ्यायच्या.”

हैबती फरशीवरच बसला आणि रडता रडता हसू लागला. “म्हंजी बरी व्हनार! गोळीनं बरी व्हनार!”

बयाबाई हसली नाही. ती डॉक्टरांच्या मास्ककडं बघत होती.

“घरात लहान मूल आहे?” डॉक्टरांनी विचारलं.

“नात हाय.”

“तिला उद्याच घेऊन या. हा घशाचा टीबी बोलण्यातूनही उडतो. कुजबुजलं तरी.”

बयाबाईनं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. हैबतीनं घरी फोन लावला. पलीकडं धनश्री म्हणाली, “मामा, पोरगी आठ दिस झालं नीट पीत न्हाई. तिसऱ्या पारी अंग कढत लागतं. म्या म्हणलं दात येत्यात.”

ठकूला आणलं. घरातल्या सगळ्यांचेच फोटो काढले, बाकीचे स्वच्छ निघाले. एवढं लहान पोर बेडका थुंकत नाही, गिळतं; म्हणून ठकूच्या पोटातलं पाणी तपासायला नाकातून नळी घातली. दाराबाहेर मास्क लावून उभी असलेली बयाबाई ते रडणं ऐकत होती. पोरीच्या छातीत, श्वासनळीजवळ गाठी सुजल्या होत्या. तिलाही औषध सुरू झालं. डॉक्टरांनी धनश्रीला बजावलं, “इतक्या लहान वयात टीबी मेंदूकडं जाऊ शकतो. उलट्या झाल्या, किंवा पोर सारखी झोपूनच राहिली, तर तासभरही थांबू नका.”

धनश्री सासूजवळ आली. “तोंडाला तोंड लावून बोलत व्हता तुमी तिच्यासंगं, आत्या.”

“व्हय,” बयाबाई म्हणाली.

त्याच दिवशी धनश्री पोरीला घेऊन उत्रोलीला माहेरी गेली.

मी तालुक्यात टीबीच्या कामावर आहे. बयाबाईचं नाव माझ्या यादीत आलं आणि आठवड्यानं मी वाड्यावर गेले. इथवरचं जे सांगितलं ते मला त्या घरानंच सांगितलं; इथून पुढचं मी पाहिलं. बयाबाई गोठ्याच्या पडवीत वेगळी बसली होती. गोळ्यांच्या पाकिटातल्या तीनच दिवसांच्या गोळ्या कमी झाल्या होत्या.

“का थांबवल्या?”

ती खाली मान घालून म्हणाली, “लघवीला रगात जातंय, नूतनताई. आतनं सगळं कुजलंय माजं.”

मी कपाळाला हात लावला. त्या गोळ्यांनी लघवी लाल-केशरी होते, एवढं साधं तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मी समजावलं. तिनं माझ्यासमोर गोळ्या गिळल्या, आवंढा आवंढा करून, डोळ्यांत पाणी आणून. मग विचारलं, “ठकूची बी लाल व्हत असंल का?”

“होत असणार.”

“मग धनश्रीला सांगा कुणीतरी. घाबरंल ती.”

मी तिथूनच फोन लावला. रेंज येईना, म्हणून टेकाडावर चढले. धनश्रीनं उचलला, पण माझं ऐकायच्या आधीच बोलू लागली. “ताई, पोरगी सकाळधरनं तीनदा ओकली. आता डोळंच उघडत न्हाई. हालवली तरी न्हाई.”

मी तिला भोरच्या दवाखान्यात निघायला सांगितलं. मागं वळले तर पाठोपाठ चढून आलेली बयाबाई उभी. सगळं ऐकलेलं. ती मास्क सावरून उतारावर चालू लागली. चालू काय, पळूच लागली. मी तरुण असून मला तिला गाठता आलं नाही. रस्त्यावर पिकअप मिळाली, तिच्या मागच्या हौद्यात ती कोपऱ्यात बसली, सगळ्यांकडं पाठ करून. भोरला दवाखान्याच्या फाटकाबाहेरच ती थांबली. आत ये म्हटलं तर आली नाही. भर उन्हात उभी राहिली.

तिथून ठकूला पुण्याला नेलं. पाठीच्या मणक्यातून पाणी काढून तपासलं. त्या दोन दिवसांत बयाबाई घरी गेली नाही. भोरच्या एसटी स्टँडवर एका बाकावर टोकाला बसायची, कुणी जवळ आलं की उठून उभी राहायची. गोळी मात्र रोज माझ्यासमोर घ्यायची.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी धनश्रीचा फोन आला. मी स्पीकर लावला.

“पाणी साफ निघालं. मेंदूत कायबी न्हाई. पोरगी आता ठीक हाय, पीती बी हाय. उपाशीपोटी औषध दिलं म्हणून ओकली असंल, म्हणाल्या डाक्टरीणबाई, आन् ओकून ओकून गळपटली.” मग, “आत्या हायत का तिथं?”

“आहेत,” मी म्हटलं.

“आत्या, तुमी जेवलासा का?”

बयाबाईनं फोनकडं बघून नुसती मान हलवली. मास्कच्या आत ती रडत होती.

दोघींचे सहा महिने पुरे झाले. बयाबाईचं वजन नऊ किलोनं वाढलं, बेडका साफ आला. आवाज आला तो घोगरा, पहिल्यासारखा नाही. डॉक्टर म्हणतात तेवढाच राहील. मिश्री सुटली. औषध सुरू होऊन दोन महिने झाल्यावरच धनश्री पोरीला घेऊन परत आली होती, तीही डॉक्टरांना विचारूनच. ठकू आता सारवलेल्या अंगणात पळते, पडते, आजीच्या पदराला लोंबकळते.

परवा गेले होते तेव्हा पोरीला पाणी पिताना ठसका लागला. साधा ठसका. बयाबाईच्या हातातलं भांडं खाली पडलं. पोर शांत झाली तरी ती मागं सरून भिंतीला टेकून उभी होती, तोंडावर पदर घट्ट धरून. मी म्हटलं, “बयाबाई, आता तुमच्यापासून कुणाला काही होत नाही. केव्हापासूनच होत नाही.”

“ठावं हाय मला,” ती म्हणाली, पण पदर काढला नाही.