नणंदेसाठी कॉलेज पाहायला: पहूर ते धुळे आणि परत

नातवाची बारावी झाली आणि घरात जो गोंधळ सुरू झाला, काही विचारू नका. मुलगा बॅडमिंटन खेळतो, म्हणून चांगलं कोर्ट असलेलं कॉलेज हवं, आणि शिवाय इंजिनिअरिंगही हवं. सगळे मोबाइलमध्ये तोंड घालून कॉलेजं बघत बसलेले. मी म्हटलं, अरे, उठा, गाडीत बसा, जाऊन बघून या. आम्ही नव्हतो का गेलो? "कधी गं आजी?" एकोणीसशे अठ्ठावन्न साली! तेव्हा नात म्हणाली, हे लिहून दे, मी ब्लॉगवर टाकते. तर लिहिते आहे. तेव्हाची भाडी आता कामाची नाहीत, रस्ते मात्र अजून तेच आहेत.

मी तेव्हा वीस वर्षांची होते, लग्नाला दोन वर्षं झालेली. सासर पहूरचं, जामनेर तालुक्यातलं. घरी केळी आणि कापूस. सासऱ्यांना सगळं गाव आबा म्हणायचं, मीही आबाच म्हणायचे. शकू माझी धाकटी नणंद, नुकतीच मॅट्रिक पास झालेली. ती पळायची. जिल्ह्यातल्या शाळांच्या स्पर्धेत शंभर यार्डांत पहिली आली आणि पितळेचा पेला घेऊन घरी आली. सासूबाईंनी पेला उलटासुलटा करून पाहिला, राखेनं घासला आणि त्यात विरजण लावलं. आबांनी तर तिला पळताना कधी पाहिलंच नव्हतं. पोरगी पळते ही काय चारचौघांत सांगायची गोष्ट आहे, असं त्यांना वाटायचं.

शकूचा हट्ट एकच होता. जिथं पळायला मिळेल तिथंच शिकेन. भांडी घासताना मला म्हणायची, "वहिनी, पळणं सुटलं ना, तर मी नुसती वह्या भरत बसणार नाही. त्यापेक्षा घरीच बरी." आणि घरी बसलेल्या मुलीचं पुढं काय होतं ते मला सांगायला नको होतं. मी स्वतः सातवी करून बोहल्यावर चढलेली.

आबांनी तोवर दोन मुली उजवल्या होत्या. त्यामुळं घर कसं पाहायचं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, आणि कॉलेजही त्याच रीतीनं पाहायचं असं त्यांनी ठरवलं. आमच्याकडची रीत अशी की मुलीकडची माणसं मुलाचं घर पाहायला जातात. विहीर पाहतात, गोठा पाहतात, शेजाऱ्याला हळूच विचारतात. पण मुलीला सोबत नेत नाहीत. मुलगी दाखवायची ती आपल्या घरात, आपल्या माणसांत. तिला दुसऱ्याच्या दारात नेऊन उभी करणं म्हणजे घराण्याचं नाक कापून देणं. शकूला नेलं ते फक्त फॉर्मवर सही लागते म्हणून, आणि मला नेलं ते पोरीसोबत बाईमाणूस हवं म्हणून. आमचे हे केळीचा माल वॅगनीत भरायला गेलेले, नाहीतर माझा नंबर कसला लागतो!

पहूरहून सकाळच्या एस.टी.नं नेरीमार्गे जळगाव. रस्ता कच्चा-पक्का, जून महिना, धूळ इतकी की उतरल्यावर तिघांच्याही भुवया पांढऱ्या झालेल्या. नवे पैसे तेव्हा नुकते आले होते. कंडक्टर नव्या पैशांत भाडं सांगत होता, आबा आण्यांत मोजून देत होते, आणि नेरी गेलं तरी दोघांचं जमेना. जळगावात आबांची चुलतबहीण राहायची, तिला सगळे अक्का म्हणत. तिच्याकडं आमरस आणि खापरावरची पुरणपोळी खाऊन आम्ही कॉलेज पाहायला निघालो. तुम्ही उन्हाळ्यात गेलात तर असंच करा, पण मग कॉलेजात डोळे उघडे ठेवणं अवघड जातं.

इमारत झकास होती. आबांनी भिंतीवर हात थोपटून पाहिला, माठातलं पाणी पिऊन पाहिलं, मग बाहेर येऊन पानवाल्याला विचारलं, "काय भाऊ, घर कसं हाय हे?" पानवाला आधी गोंधळला, मग म्हणाला, "चांगलं आहे आबा, भांडणतंटा नाही." आबा खूश झाले. राहायला अक्काचं घर, शिकायला चांगले मास्तर, पहूर एका एस.टी.वर. आबांच्या मनात सोयरीक तिथंच जुळली.

आत ऑफिसात एक चष्मेवाले गृहस्थ होते, बोलायला फार गोड. शकूनं मान वर करून विचारलं, "मुलींना पळायला मैदान आहे का?"

"मुलींसाठी सोय आहे ना," ते म्हणाले, "मागच्या अंगणात रिंग खेळतात."

"आणि पळायचं असलं तर?"

"पळून कुठं जायचंय?" असं म्हणून ते हसले, आबाही हसले. ते काही वाईट मनाचे नव्हते, तेव्हा बहुतेक ठिकाणी असंच होतं. पण शकूनं सहीसाठी पुढं केलेली दौत बाजूला सरकवली आणि म्हणाली, "आबा, धुळं पाहिल्याशिवाय मी सही करणार नाही." मी पदराआड तोंड दाबून धरलं. मनात म्हटलं, शाबास गं पोरी.

आबा चिडले खरे. पण दोन घरं पाहिल्याशिवाय पक्कं करायचं नाही ही त्यांचीच रीत. दुसऱ्या दिवशी एरंडोल, पारोळा करत धुळ्याची एस.टी. पारोळ्याला गाडी बराच वेळ थांबली. लोकांनी किल्ला पाहिला, आम्ही भजी पाहिली. गरम होती, तिखट होती, आणि किल्ला काय, बसल्या जागेवरूनही थोडा दिसतोच. धुळ्याला पोचायला दुपार झाली. धुळ्याची एक गंमत मला फार आवडली. गल्ल्यांना नंबर! सरळ रेघेत आखलेल्या गल्ल्या, एक, दोन, तीन. चुकायची सोयच नाही. आम्ही एका धर्मशाळेत सामान टाकलं आणि शेजारच्या खाणावळीत शेवभाजी खाल्ली. रस्सा असा की आबांना ठसका लागला, पण त्यांनी दुसरी वाटी मागितलीच.

इथं मुलींना राहायला कॉलेजजवळ एक छोटं वसतिगृह होतं. आबा थेट स्वयंपाकघरात शिरले. साक्रीकडची एक बाई भाकरी थापत होती. आबांनी पाणी मागितलं.

"नाना, पांझरानं पाणी शे, पिईसन दखा," ती म्हणाली. "आते बठ्ठ्या पोरी घर जायेल शेतस. तुमनी आंडेर येवाव शे का?" पाणी पांझरा नदीचं आहे, सगळ्या पोरी सुट्टीत घरी गेल्यात, तुमची मुलगी येणार आहे का, असं ती अहिराणीत विचारत होती.

आबांनी पाणी पिऊन पाहिलं, पिठाचे डबे उघडून पाहिले, कडीकोयंडा हलवून पाहिला आणि मला म्हणाले, "घर बरं हाय, सूनबाई." माझ्या जिवात जीव आला. शकू तर तिथं नव्हतीच. ती कधीच मैदानाकडं गेली होती.

मैदान मुरमाचं, दाबून सपाट केलेलं, चुन्याच्या रेघा मारलेल्या. आणि त्या रेघांमधून गावातल्याच दोन मुली पातळाचा काचा मारून पळत होत्या. चक्क पळत होत्या, कोणी हसत नव्हतं! शकू कडेला उभी राहून पाहत होती. तिचा चेहरा मी अजून विसरले नाही. भुकेल्या माणसाला पंगत दिसावी तसा झाला होता.

गळ्यात शिट्टी घातलेले खेळाचे सर आले. माणूस कमी बोलणारा, पण सरळ. त्यांनी सांगितलं, "वसतिगृहात जागा मोजक्या आहेत. त्यातली एक मी पळणाऱ्या मुलीसाठी ठेवून घेतली आहे. तुमची मुलगी चांगली पळत असेल तर जागा तिची. फक्त मला एकदा पळून दाखवू द्या."

आबा ताठ झाले. "कोनाले दाखवायचं?"

"मला. हे काय, या रेघेपासून त्या रेघेपर्यंत."

"मास्तर, आमी तुमचं घर पाह्यले आलो. पोरगी दाखवायले नाही आनली."

"आबा, पाहिल्याशिवाय मी जागा कशी देऊ?"

"मंग राहू द्या."

सर रागावले नाहीत. सोमवारपर्यंत जागा ठेवतो, एवढं म्हणाले. शकूनं वहाणा काढून हातात घेतलेल्या होत्या. त्या तिनं परत पायात घातल्या आणि वळली. डोळ्यांत एक टिपूस नाही. रडली असती तर बरं झालं असतं.

मला इतका राग आला होता की काय सांगू. सासऱ्यासमोर तोंड उघडायची तेव्हा टाप नव्हती, पण धुळ्याच्या स्टेशनात माझ्याच्यानं राहवेना. डोक्यावरचा पदर आणखी पुढं ओढला आणि म्हटलं, "आबा, बैल घेताना चालवून पाहताच ना तुम्ही?"

"बैल अन् पोर एक हाय का?" आबा असे कडाडले की शेजारचा हमाल वळून पाहायला लागला. पण बोलले ते बोलले, परत थोडंच घेता येतं?

परतीला आम्ही एस.टी.चा नाद सोडून रेल्वे धरली. धुळ्याहून चाळीसगाव, तिथं गाडी बदलून पाचोरा. चाळीसगावला पुरीभाजी बरी मिळते, चहा मात्र घेऊ नका, निदान तेव्हा तरी घेण्यासारखा नव्हता. आबा एका टोकाला, शकू दुसऱ्या टोकाला, मध्ये मी आणि पुरीभाजी. जळगावच्या कॉलेजात नाव घालायचं असं आबांनी पाचोऱ्याला एकदाचं बोलून टाकलं. शकू म्हणाली, "घाला. मी जाणार नाही."

पाचोऱ्याहून पहूरला पीजेची, म्हणजे पाचोरा-जामनेर लाइनीची, छोटी गाडी. ज्यांनी ती पाहिली नाही त्यांना काय सांगू! डबे खेळण्यातल्यासारखे, इंजिन सारखं धापा टाकणारं, आणि वेग असा की माणसं खाली उतरून बोरं तोडून परत चढायची. आबा दारात हवेला बसले होते. शेंदुर्णी मागं टाकली आणि गरम वाऱ्याचा एक झोत आला. आबांची टोपी उडाली. रुळाकडेच्या नांगरलेल्या शेतात जाऊन पडली आणि ढेकळांवरून गडगडत मागं गेली.

आबांचा हात डोक्याकडं गेला. "अरे, अरे!" एवढंच म्हणाले. आता यात काय एवढं, असं तुम्हाला वाटेल. पण उघड्या डोक्यानं माणूस गावात उतरला की लोक धावत येऊन विचारणार, घरातलं कोण गेलं? सुतकाशिवाय आमच्याकडं कोणी बोडका फिरायचा नाही.

मी वळून शकूला काही म्हणणार, तर शकू जागेवर नव्हती. वहाणा माझ्या पायाशी होत्या. तिनं खाली उडी टाकली होती, पातळ खोचलं होतं, आणि ती गाडीच्या उलट्या दिशेनं टोपीकडं निघाली होती. तिनं टोपी उचलली तेव्हा आमचा डबा बराच पुढं गेला होता आणि उतार लागून गाडीनं नेमका तेव्हाच वेग धरला.

मग ती पळाली. ढेकळांतून, धसकटांतून, अनवाणी, टोपी मुठीत धरून. मीही तिला त्याआधी असं पळताना पाहिलं नव्हतं. मान स्थिर, खांदे स्थिर, फक्त पाय काय ते चाललेले. शेवटचा डबा गाठला, मागं टाकला. खिडक्याखिडक्यांतून डोकी बाहेर आली. "पय पोरी, पय!" बाया ओरडत होत्या. कोणी टाळ्या पिटत होतं. आबा दारात उभे राहिले होते, दांडी धरून, बोडक्या डोक्यानं. आधी नुसते पाहत होते. मग त्यांचा आवाज आला, सगळ्यांच्या वर.

"पय, शकू! पय माय, पय!"

तिनं दांडी धरली आणि आबांनी तिला दंडाला धरून आत ओढलं. ती धापा टाकत होती, पायाला बाभळीचा काटा रुतलेला, आणि हसत होती. टोपी पुढं केली. आबांनी ती घातलीच नाही. हातात धरून बसले. समोर एक म्हातारे गृहस्थ होते, ते म्हणाले, "आबा, कोणाची हो ही पोर?"

"माही हाय," आबा म्हणाले. डोळे पुसून म्हणाले, "धूळ लय हाय या गाडीत." मग पहूर जवळ आल्यावर, माझ्याकडं न बघता विचारलं, "सूनबाई, तो मास्तर सोमवारपावतर म्हने ना?"

घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, कुठलं कॉलेज ठरलं? आबा म्हणाले, "ठरलं नाही, पन मी आज पोर पाह्यली." सासूबाईंना काही कळलं नाही. त्या विरजण लावायला आत गेल्या, तर आबांनी पेला मागून घेतला, ताक भांड्यात ओतलं आणि पेला देवळीत ठेवला.

सोमवारी आम्ही तिघं पुन्हा धुळ्यात. मैदानावर सर शिट्टी घेऊन उभे होते. आबा शकूच्या पुढं चालत गेले, जिथं पळणं संपतं त्या रेघेपाशी जाऊन उभे राहिले, आणि टोपी काढून काखेत घट्ट धरली.

सर हसून म्हणाले, "आणली का दाखवायला, आबा?"

"दाखवायले नाही आनली, मास्तर," आबा म्हणाले. "मी पाह्यले आलो. होऊ द्या सुरू."