टेपची खरखर

माझे मालक कोईमतूरला गलाईच्या दुकानात होते. विट्याकडची निम्मी माणसं हेच करतात, परमुलखात ॲसिडच्या धुरात बसून सोनं शुद्ध करतात. मी चौथीपर्यंत शिकलेली, त्यांचं अक्षर मला लागायचं नाही. म्हणून ते कॅसेट भरून गावाकडं येणाऱ्याच्या हाती पाठवायचे.

त्यात बोलण्याच्या मधेमधे बारीक सूं सूं यायचं. मी टेपचं हेड स्पिरिटनं पुसलं. फरक पडला नाही. मग त्यांना परत धाडायच्या कॅसेटमध्ये सांगितलं, "आवं, खरखर लय येती. जरा बरी कॅसेट घ्या की."

पुढच्या कॅसेटमध्ये ते हसले. "घेतली बाई नवी. तुझं कान लय तिखट."

खरखर तशीच होती. दोन वर्षांनी ते छातीच्या दुखण्यानं गेले.

मुलगी तेव्हा विश्रामबागेच्या कॉलेजात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. सेलवर चालणाऱ्या छोट्या डब्यात आवाज वाजवायला दोन चिपांपैकी कोणती बरी, हे तिला तपासायचं होतं. एक चिप हरकामी, सेल कमी खाणारी, पण आवाजाच्या कामाला दमणारी. दुसरी खास आवाजासाठी केलेली, पण खादाड. तपासायला तिनं वडलांचीच कॅसेट घेतली. म्हणाली, "झिजायच्या आत डब्यात भरून ठेवू." आणि मला कॉलेजात बोलावलं.

पहिल्या डब्यात मालक शेजारच्या खोलीतून बोलावेत तसे बोलले. खरखर नाही, काही नाही.

"हाच ठेव," मी म्हणाले.

"ही चिप दमती गं. म्हणून दोन शब्दांमधली गप्प जागा मी वाजवतच नाही. तिथं काय नसतंयच."

मग तिनं दुसरा डबा लावला. सूं सूं आलं.

"ही बघ टेपची खरखर," मी म्हणाले.

ती कॉम्प्युटरवर उमटणारी आवाजाची रेघ बघत राहिली. "टेपची असती तर सारखी आली असती. ही वर-खाली होतीया. आबा बोलायचं थांबले की येती." मग हळू म्हणाली, "आई, हा आबांचा श्वास हाय."

आम्ही नव्या कॅसेटचा भाग लावला. हसणं झालं आणि मागोमाग ती श्वासाची शिट्टी, कितीतरी वेळ. पुढं त्यांचा आवाज लांबून येत होता. मला खरखर ऐकू येऊ नये म्हणून त्यांनी तोंड बाजूला केलं असावं.

दवाखान्यात जा म्हणायचं सोडून मी त्यांना कॅसेट बदलायला सांगितली. दोन वर्षं दर कॅसेटला मी त्यांचा श्वास ऐकत होते, आणि त्याला खरखर म्हणत होते.

मुलीनं वहीत पहिल्या चिपला बरं ठरवलं. तिच्या मोजमापानं ते खरंच होतं. मार्कही चांगले पडले. नंतर तिनं विचारलं, "घरी कुठला डबा नेतीस?"

"दुसरा."

"आई, तो सेल लय खातोय."

"खाऊ दे," मी म्हणाले.