पोळ्याच्या दिवशीचं जू

ती घटना आठवली की रंगवलेली शिंगं आजही डोळ्यांपुढे येतात. मी सोनपेठ भागात पोळ्याच्या बंदोबस्तावर होतो. त्याच आठवड्यात एका विधवा मावशीचा बैल गोठ्यातून चोरीला गेला होता. जोडीतला दुसरा वैरणीला तोंड लावत नव्हता, रब्बीची पेर जवळ आलेली. मावशी रोज ठाण्यात येऊन बाकड्यावर बसायची. "माझा पवळ्या आणा सायेब," एवढंच म्हणायची.

पोळ्याच्या सकाळी खबऱ्याचा फोन आला. "समदं गाव बैलं धुवायला नदीवर गेलंय सायेब. एका घरचा मात्र आत बांधून ठिवलाय."

पोळ्याला बैल न धुणारा शेतकरी? चोराच्या मनात चांदणं! पंच आणि मावशीला घेऊन मी ते घर गाठलं.

"ह्योच माझा पवळ्या!" मावशीनं बघताक्षणी ओळखलं. पण शिंगं नव्यानं तासून रंगवलेली, कानातला बिल्ला कापलेला. घरमालक गडी भलताच बेरकी.

"बाजारातून घेतलाय."

"कोणाकडून?"

"लय गर्दी होती, याद न्हाई."

तासभर तेच. पुराव्याशिवाय बैल मावशीला देता येईना आणि तसंच परतलो असतो तर तो परमुलखात विकला गेला असता. बैल घेतल्याशिवाय हलायचं नाही, असं मी ठरवलं. मनात एक डाव होता. आवाज चढवून म्हणालो, "जू आणा! जुंपल्यावर बैल कोणाचं ऐकतो ते बघू."

घरमालक पळत जाऊन जू घेऊन आला. मावशी मात्र आडवी उभी राहिली. "आज पोळा हाय सायेब! आज त्याच्या खांद्यावर जू ठिवू देणार न्हाई. मला न्हाई मिळाला तरी चालल." ती रडत होती, पण जागची हलली नाही.

मला हेच बघायचं होतं. मी घरमालकाकडे वळलो, तोच त्याची म्हातारी आई ओसरीवरून उठली आणि तिनं त्याच्या हातातलं जू हिसकावलं. "मुडद्या, घरच्या बैलाला पोळ्यादिवशी कुणी जू दावतं का? सायेब, चोरीचाच हाय त्यो."

मग घरमालक बोलता झाला. बिल्ला उकिरड्यात सापडला, नंबर मावशीकडच्या कागदाशी जुळला. पंचनामा, बैल मावशीच्या ताब्यात दिल्याचा सुपूर्तनामा, सगळं रीतसर झालं.

माणूस काय सांगतो यापेक्षा काय करायला तयार होतो ते बघावं, हे मी त्या दिवशी शिकलो. पुढे नोकरीभर तेच कामी आलं.

निघताना मावशीनं मला थांबवलं. "सायेब, जू आणा म्हणताना तुमची जीभ तरी कशी वळली?"

मी टोपी काढली आणि पवळ्याच्या पाया पडलो.