तीन महिने बिनपेजेचे

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. नव्वदनंतर लग्न होऊन किन्हवलीजवळच्या गावात आले आणि दोन वर्षांत नोकरी लागली ती मुरबाडच्या अंगाला, डोंगरातल्या एका वाडीवर. रस्त्यापासून वाडी अर्धा तास, सगळी चढण. सुरुवातीला ती चढण मी बडबड करत चढायची. मग बडबड बंद झाली. मग मधे एकदा टेकायला लागले, मग तीनदा. दहा-बारा वर्षांत वजन एकशे अठरावर गेलं, आणि साखर निघाली ती वेगळीच.

एका सकाळी वाटेतल्या आंब्याखाली बसले ती उठताच येईना. वरून मुलं बघत होती. थोड्या वेळाने पहिली ते चौथी अख्खी शाळा दप्तरं घेऊन खाली आली आणि माझ्यासमोर ओळीने बसली. हजेरी झाली, पाढे झाले. मला लाजवायचं कुणाच्या मनात नव्हतं. बाई खाली आहेत तर शाळा खाली, एवढं सरळ होतं त्यांचं. पण मला जे वाटायचं ते वाटलंच. माझ्या मोठ्या बहिणीचा पाय साखरेनं गेला होता, आणि पायामागून वर्षाच्या आत ती. मी त्या आंब्याखाली माझ्या पायांकडे बघत पाढे म्हणून घेतले.

संध्याकाळी ह्यांना सांगितलं, मला वजनाचं ऑपरेशन करायचंय. आमचे हे वाशिंदच्या एका कारखान्यात. त्यांच्या साहेबांच्या बायकोनं ठाण्याला तसं करून घेतलं होतं, त्यामुळे गोष्ट ऐकून माहीत होती. हे फार बोलणाऱ्यातले नाहीत. म्हणाले, "पत्ता आणतो." शिफ्टमुळे त्यांना यायला जमेना, म्हणून माझ्याबरोबर सासूबाई आल्या. सत्तरीच्या, तोंडात चार दात, आणि ठाण्याला जायचं म्हणून ठेवणीतलं लुगडं.

पहिल्या खेपेला तिथल्या दवाखान्यातल्या, आहार सांगणाऱ्या मुलीनं कागद दिला. आठवडाभर जे जे खाल ते लिहून आणा, म्हणाली. मी शिक्षिका, मला काय सांगायला हवं? समास आखून, वळणदार अक्षरात सगळं लिहिलं. दुपारी भात, आमटी, भाजी. रात्री तांदळाची भाकरी, कधी सुकट. दुसऱ्या खेपेला सर्जननी तो कागद वाचला, उलटा करून मागे बघितलं, परत वाचला.

"सकाळी काही खात नाही?"

"नाही."

"शाळेतून आल्यावर?"

"नाही."

"बाई, एवढ्यावर एकशे अठरा किलो होत नाहीत."

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, डॉक्टर, मी मुलांना खोटं बोलू नका म्हणून छड्या मारते, मी तुमच्याशी खोटं कशाला बोलेन? तेवढ्यात सासूबाई माझ्या बाजूनं लढायला पुढे सरसावल्या. "तिला काय इचारता डॉक्टर, ती खाते कुठं? उपाशीपोटीच जाते शाळेत. नुसती पेजेवर हाय बिचारी."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "किती पेज?"

सासूबाईंनी हातानं तांब्या दाखवला. "एक सकाळी, एक शाळेतून आल्याव, नि एक निजताना. ऊन असंल तर आजून एक."

आता हे आमच्याकडच्या माणसाला सांगावं लागत नाही, पण सांगते. आमच्याकडे पेज खात नाहीत, पितात. कण्या भरपूर पाण्यात गळेस्तोवर शिजवायच्या, मीठ टाकायचं, तांब्याला तोंड लावायचं. कुणी विचारलं जेवलात का, तर पोटभर पेज पिऊन बसलेला माणूससुद्धा सांगतो, नाय बा, नुसती पेज प्यायलोय. कागदावर "खाल ते लिहा" होतं, मी खाल्लं ते लिहिलं. माझ्या अख्ख्या जन्मात पेज हे अन्न आहे असं मला वाटलं नव्हतं. डॉक्टर हसले नाहीत, त्याबद्दल मी त्यांची अजून ऋणी आहे.

मग त्यांनी कोऱ्या कागदावर दोन पोटं काढली. एका ऑपरेशनात जठर कापून केळ्याएवढी नळी ठेवायची, त्याला ते स्लीव्ह म्हणत. दुसऱ्यात जठराची छोटी पिशवी करून पुढचं आतडं वळवून तिला जोडायचं, ती बायपास. "तुम्हाला बायपास," ते म्हणाले. "साखर आहे. घरात साखरेचा इतिहास आहे. आणि आता हे पेजेचं कळल्यावर तर मला शंकाच नाही. पातळ पदार्थ नळीत अडत नाही, सरळ खाली जातो. तुमची पेज त्या स्लीव्हला फसवेल."

मी विचारलं, बायपासनंतर काय पाळायचं? तर गोळ्या. लोहाच्या, कॅल्शियमच्या, जीवनसत्त्वांच्या, मधूनमधून इंजेक्शन, रक्ततपासणी. किती दिवस? जन्मभर, एकही दिवस न चुकता. चुकलं तर अंगातलं रक्त कमी होतं, हाडं जातात, कधी नसांवर येतं. स्लीव्हमध्येही गोळ्या होत्या, पण चुकल्याचा दंड तेवढा मोठा नव्हता.

म्हटलं, मग मला स्लीव्ह करा.

ते समजावत राहिले आणि मी मान हलवत राहिले. त्यांचं खोटं नव्हतं. पण माझं घराणं त्यांना माहीत नव्हतं. आमच्यात गोळी दुखतंय तोवर घेतात. बरं वाटलं की पुडी फळीवर, डब्यामागे. माझी बहीण साखरेची गोळी चक्कर आली की घ्यायची आणि चक्कर थांबली की देवाला हात जोडायची. ती अडाणी नव्हती हो, सातवी शिकलेली होती. मी डीएड झालेली, आणि मीसुद्धा तेच करते. शाळेतल्या मुलींना लोहाच्या गोळ्या वाटते आणि माझ्या पर्समध्ये माझ्या गोळ्यांचा चुरा होतो. त्यात पावसाळ्यात आमची एसटी दोन-दोन दिवस यायची नाही, शहापूरचं औषधाचं दुकान म्हणजे परदेश.

मी म्हटलं, "डॉक्टर, मला सोडायला सांगा, सोडीन. रोज घ्यायला सांगू नका."

"उलट असतं बाई," ते म्हणाले. "गोळी घेणं सोपं. लोकांना सोडायलाच जमत नाही."

"लोकांचं मला माहीत नाही."

शेवटी त्यांनी एक अट घातली. तीन महिने पेज बंद. एक तांब्यासुद्धा नाही. मेच्या सुट्टीआधी वजन आणि साखर बघायची. जमलं तर स्लीव्ह, नाही जमलं तर बायपास, आणि तीही नको असेल तर त्यांच्या हातून काहीच नाही. मी कबूल झाले. बाहेर आल्यावर सासूबाई जिना उतरताना म्हणाल्या, "माझ्या तोंडाला आग लागली ती लागली. बोलले नसते तं बरं झालं असतं." मी म्हटलं, आई, तुम्ही बोललात म्हणून वाचले.

पण घरी जाऊन मी काही साधीसुधी बाई राहिले नाही. पहिला आठवडा डोकं दुखलं. दुसऱ्यात सगळ्यांवर ओरडले. कोंबडीवरसुद्धा. चैत्रातल्या उन्हात शाळेतून परत येताना रातभर मडक्यात निवत ठेवलेली पेज डोळ्यांसमोर यायची आणि मला खरोखर रडू यायचं. एवढी मोठी बाई, एसटीत खिडकीकडे तोंड करून पेजेसाठी रडतेय. पण घरात आले की पेज नसायचीच. सासूबाईंनी तिसऱ्या दिवशीच जाहीर केलं होतं, "मी बी नाय पित आता. पेजेनं पोटात वारा धरतो." मला बरंच वाटलं. टोप पालथा पडला होता, चुलीवर फक्त चहा. चला, नसतंच समोर तर मोह कसला?

एका गोष्टीवरून मात्र त्यांच्याशी माझं वाजायचं. रोज सकाळी त्या शेजारणीकडे वाल सोलायला जायच्या. घरचे वाल खळ्यात पडलेले आणि ही बाई लोकांचे सोलतेय. एकदा मी बोलून गेले, "घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं. त्यांचं एवढं काय अडलंय तुमच्यावाचून?" त्या पदर सारखा करून गेल्या.

एप्रिल संपता संपता ठाण्याला गेले. नऊ किलो उतरले होते, साखरही खाली आली होती. डॉक्टरांनी आकडे बघितले. "मला अजूनही बायपासच योग्य वाटते," ते म्हणाले, "आणि ते मी कागदावर लिहून ठेवतो. पण तुम्ही शब्द पाळलात. आता मी पाळतो." मी काय मिजास मारली असेल. म्हटलं, सांगितलं होतं ना, सोडायला सांगा.

पुढचं आधीच सांगून टाकते. ऑपरेशन नीट झालं. दोन वर्षांत चाळीसेक किलो गेले. ती चढण मी परत चढायला लागले, आंब्याखाली न टेकता. साखर मात्र गेली नाही, एका गोळीवर येऊन थांबली. तेवढे डॉक्टर खरे ठरले, आणि मी ते त्यांना तोंडावर सांगितलं. ती एक गोळीही मी विसरतेच. सासूबाई होत्या तोवर त्याच चहाबरोबर हातावर ठेवायच्या.

पण मला सांगायचंय ते ऑपरेशननंतर घरी आले त्या आठवड्याचं. मी पडून होते, चमच्या-चमच्यानं डाळीचं पाणी घेत. कागदावर महिनाभर सगळं पातळच लिहिलं होतं, आणि खाली लाल पेनानं, पेज सोडून. सासूबाई माझ्या उशापासून हलत नव्हत्या. एका सकाळी शेजारीण मला बघायला आली. हातात झाकलेला टोप.

"काकी सहा दिस झाले आली नाय पेजेला," ती म्हणाली. "म्हातारं माणूस, चावायला दात नाय. भाकर बुडवून किती खाणार? म्हटलं आपणच घेऊन जावं."

सासूबाईंनी तिला डोळ्यांनी गप्प करायला बघितलं, पण उशीर झाला होता. मी विचारलं, कधीपासून? तर तिसऱ्या दिवसापासून. रोज सकाळी शेजारच्या पडवीत बसून ही बाई पेज प्यायची, आणि फुकट नको म्हणून त्यांचे वाल सोलायची.

"तुला वास आला असता गो," त्या एवढंच म्हणाल्या.

मी भिंतीकडे तोंड करून रडले. टाके दुखत होते, तरी रडले. सोडली सोडली म्हणून मी ज्या डॉक्टरांसमोर नाक वर करून आले, त्यांना काय माहीत की मी काहीच सोडलं नव्हतं. माझ्यासमोर पेज आलीच नव्हती. सोडलं होतं ते हिनं. स्वतःचं घर, स्वतःची चूल, आणि वर माझी बोलणी खाल्ली होती.

पंधराव्या दिवशी मला चुलीपाशी बसता आलं. मी मूठभर कण्या धुतल्या, टोप सरळ केला. सासूबाई ओरडल्या, डॉक्टरचा कागद दाखवायला लागल्या, ज्यांना एक अक्षर वाचता येत नव्हतं त्या. मी ढवळत राहिले. कण्या फुटल्या, पाणी दाट झालं, वास घरभर गेला. तोंडाला पाणी सुटलं, खोटं कशाला बोलू? मीठ घातलं, आणि चव घेतली नाही. अंदाजानंच घातलं.

तांब्या त्यांच्या हातात दिला. त्या उठून उंबऱ्यापाशी गेल्या, माझ्याकडे पाठ करून बसल्या आणि घाईघाईनं, चोरासारख्या प्यायला लागल्या.

म्हटलं, "आई, इकडं तोंड करा. सावकाश प्या."

"तुला तरास हुईल."

"होऊ दे."

त्या वळल्या. पेज संपेपर्यंत मी समोर बसून होते.