सोड्यानं धुतलेला तेजोमेघ

आमच्या दादानं माझा तारा धुण्याच्या सोड्यानं धुऊन टाकला, हे आठवलं की आजही माझं डोकं फिरतं.

संयुक्त महाराष्ट्राचे दिवस. मी एम.एस्सी. होऊन संशोधनाला लागले होते. नऊशे वर्षांपूर्वी एक प्रचंड तारा इंधन संपून कोसळला, फुटला, आणि त्याच्या वायूचे धागे तेजोमेघ होऊन अजून आकाशात पसरताहेत. परदेशातल्या वेधशाळेनं त्या तेजोमेघाच्या फोटोंच्या दोन काचा, म्हणजे काचेवरच्या निगेटिव्ह, दिल्या होत्या, एक जुनी आणि एक नवी. मधल्या वर्षांत धागे किती सरकले ते मोजायचं आणि उलटा हिशेब करून तारा नेमका कधी मेला ते काढायचं. एक काच गेली की दुसरी फुकट. संचारबंदीत प्रयोगशाळा बंद राहणार म्हणून माझ्या मार्गदर्शक सरांच्या परवानगीनं मी दोन्ही गिरगावात घरी आणल्या आणि मलमलीत गुंडाळून कपाटावर ठेवल्या.

त्याच आठवड्यात शेजारच्या वाडीतला मुलगा पोलिसांच्या गोळीनं गेला. मोर्चातसुद्धा नव्हता, गॅलरीतून वाकून बघत होता. शोकसभेसाठी त्याचा फोटो मढवायचा, तर दुकानं बंद. फोटोवाल्यांच्या जुन्या काचा सोडा घातलेल्या गरम पाण्यात खरवडून तसबिरींना लावायची आमच्याकडे रीतच होती. दादाला कपाटावर हव्या त्या मापाची काच सापडली. काळे ठिपके पडलेली, म्हणजे बिघडलेलीच! निगेटिव्हवर तारे काळेच दिसतात, हे मी सांगितलं असतं की. पण बहिणीला विचारतंय कोण?

सभेत तसबिरीच्या काचेवर कडेला कोरलेला वेधशाळेचा नंबर दिसला. माझी जुनी काच! मी दादाला कोपऱ्यात ओढलं.

"अगं, एक काच ती," दादा पुटपुटला. "इथे माणूस गेलाय."

तेवढ्यात वक्ते म्हणाले, तो अमर तारा झाला. मला किंचाळावंसं वाटलं. तारे अमर नसतात हो! आणि ह्याला कुणीतरी मारलंय, ते बोला की!

संचारबंदी उठल्यावर सरांना सगळं सांगितलं.

"दंगलखोराच्या फोटोला वेधशाळेची काच? परत आणा."

"सर, तिच्यावर आता काहीच उरलं नाही."

"तरी ती संस्थेची मालमत्ता आहे. उद्या टेबलावर हवी, नाहीतर संशोधन विसरा."

एका कोऱ्या काचेसाठी! तरी मी त्या वाडीत गेले. हो, गेले, एवढ्या वर्षांच्या शिक्षणाची मेहनत पाण्यात जाणार होती.

दादानं बहुधा आधीच सांगितलं असावं. त्या मुलाच्या आईनं तसबीर उतरवून मांडीवर घेतली होती आणि सुरीच्या टोकानं मागचे खिळे उचकटत होती.

"बाय, तुजा कायतरी होता म्हणतत ह्या काचेर," ती म्हणाली. "घेवन जा."

"ठेवा ती तिथंच!" मी तिच्यावरच ओरडले. शेजारणी दचकून बघायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी मी सरांच्या टेबलावर काच ठेवली. उरलेली, नवी. आणि संशोधन तिथंच सोडून जिना उतरले.