आक्काचा फोटो मामांनीच काढायचा होता

निपाणीचे आप्पामामा म्हणजे माझ्या आईचे भाऊ. फोटोंची त्यांना भारी हौस. गेल्या वर्षी त्यांना कंपवात निघाला आणि सगळे फोटो हललेले यायला लागले. दिवाळीनंतर त्यांचा फोन आला, "गुंजीला आक्काकडं जाऊया. तिचा एक चांगला फोटो काढायचाय."

"मी काढते की, मामा."

ते म्हणाले, "तू गाडी चालव. फोटो मी काढतो."

कोल्हापूरहून सकाळी निघाले, वाटेत निपाणीला मामांना घेतलं. बेळगावपर्यंत हायवेवर जागोजागी कामं चालू आहेत, त्यामुळं जाणार असाल तर वेळ जादा धरा. तवंदी घाटाजवळ चहाला थांबलो तेव्हा मामांनी डोंगराचा फोटो काढला. पुसट आला. मी मोबाइलची काच ओढणीनं पुसून दिली, तर पुढच्या फोटोत निम्मा पुसटपणा गेलेला. कॅमेरा साधा असो की महागडा, आधी काच पुसा.

मुक्काम बेळगावच्या खासबागेत, मामांच्या मित्राकडं. संध्याकाळी जवळच वडगावात त्यांच्या ओळखीच्या शांताबाईंचा माग बघायला गेलो. हिरव्या साडीचा काठ उतरत होता.

"माग थांबवू काय, अण्णा?" शांताबाईंनी मामांना विचारलं.

"नको, चालू दे," मामा म्हणाले.

खोलीत उजेड कमी होता. अशा वेळी कॅमेरा चित्र टिपायला जास्त वेळ घेतो आणि तेवढ्यात हात हलला की सगळं फिसकटतं. मी मामांना भिंतीला पाठ टेकायला लावली, कोपरं पोटाशी धरायला सांगितली आणि श्वास सोडता सोडता बटण दाबायला सांगितलं. माझे फोटो स्वच्छ आले. त्यांचे नाही.

परत येताना मामा म्हणाले, "बटण दाबतानाच हात उडतोय गं. सोडून द्यावं वाटतंय."

सकाळी आक्कासाठी बेळगावचा खव्याचा कुंदा घेतला. खानापूर सोडलं की रस्त्याला झाडी लागते, हवा गार होते. मामा काच खाली करून बसले होते.

गुंजीला आक्का दारातच उभी होती. माझी थोरली मावशी. गुडघे गेलेत, पण आवाज खणखणीत. तिनं मामांच्या हाताकडं एकदा बघितलं. चहा आणला तेव्हा सगळ्यांचे कप भरलेले, मामांचा फक्त निम्मा. मामांनी कप उचलला, थेंबही सांडला नाही.

मग मी आक्काला पुढच्या सोप्यात दाराच्या उजेडात बसवलं. समोर स्टूल ठेवून त्यावर तांदळाचा डबा, डब्याला टेकून मोबाइल. कॅमेऱ्याच्या टायमरवर दोन सेकंद लावले. आता बटण दाबून हात काढून घेतला की फोन आपला आपण फोटो काढणार. हाताचा धक्का लागायचा प्रश्नच नाही. मामांनी पडद्यावर आक्काच्या चेहऱ्यावर बोट टेकवलं, म्हणजे कॅमेरा तिलाच नीट धरतो.

"किती वेळ बसू रं अशी?" आक्का म्हणाली.

"दोन सेकंद. बोलू नको."

"आन बघू कुठं?"

मामांनी बटण दाबलं, हात मागं घेतला. "माझ्याकडं बघ."

फोटो आला. भुवईचा केस न् केस, कपाळावरचं गोंदण, सगळं स्पष्ट. मामांनी तो मोठा करून करून बघितला, मग आक्काच्या हातात दिला.

"लई म्हातारी झालीय की मी," ती म्हणाली.

"व्हय," मामा म्हणाले आणि तिच्या शेजारी जाऊन बसले.

आता तो फोटो निपाणीच्या घरात भिंतीवर आहे. परवा मी गेले तेव्हा शेजारचे काका बघून म्हणाले, "फोटो झकास आलाय, पण आक्का कॅमेऱ्यात बघत न्हाईत."

"न्हाय," मामा म्हणाले. "माझ्याकडं बघतीय."