माझ्यासमोर न हसण्याची परीक्षा

चंदीगडात मला ओळखणारे लोक दोन प्रकारचे. काहींनी मला महाराष्ट्र मंडळाच्या नाटकात मरताना पाहिलंय, तर काहींना मी मेडिकल कॉलेजात, स्वतःला कॅन्सर झालाय असं समजून, रडून दाखवलंय. हे दुसरे लोक आता डॉक्टर होऊन देशभर पसरलेत. इतका मोठा प्रेक्षकवर्ग मंडळाने मला कधीच दिला नसता.

त्याचं मूळ मंडळाच्याच गणपतीत आहे. एका नाटकात मी मरायला अख्खा प्रवेश घेतला. प्रेक्षकांत मेडिकल कॉलेजात शिकवणाऱ्या एक मराठी डॉक्टरीणबाई होत्या. मी रंग पुसत होतो तेवढ्यात त्या आत आल्या.

"आमच्या मुलांना आजार कळतात. आजारी माणसाशी बोलायचं कसं, ते शिकवायचंय. खोटा पेशंट व्हाल का?"

मोहालीतल्या औषध कंपनीत मी दिवसभर गोळ्यांच्या पाकिटांवरचा मजकूर तपासतो. त्यामुळे विचार करायला वेळ मागितला नाही.

पद्धत साधी होती. मी खुर्चीत बसायचं, विद्यार्थ्याने मला वाईट बातमी सांगायची, आणि कोपऱ्यात बसून बाईंनी पास-नापास ठरवायचं.

त्या वर्षी एक मुलगी आली, नांदेडची, शेवटच्या वर्षाची. तिने रिपोर्ट सांगितला. मी छातीवर हात मारला, खुर्चीतून अर्धा घसरलो आणि सगळ्या पूर्वजांना हाका मारल्या. मुलगी हसली. फाइल तोंडावर धरून, खांदे हलेपर्यंत हसली. बाईंनी तिला नापास केलं.

बाहेर पाण्याच्या कूलरपाशी तिने मला गाठलं.

"काका, तुम्ही जरा जास्तच केलंत."

"मग? खरे पेशंट बेताने रडतात का?"

"नाही," ती म्हणाली. मग तिने सांगून टाकलं. भीती वाटली की तिला हसू येतं. वॉर्डात पिंजौरचे एक सरदारजी होते, त्यांची बायको अत्यवस्थ होती. पोरगी नांदेडची, म्हणजे त्यांच्या हजूर साहिब गुरुद्वाऱ्याच्या गावची आहे कळल्यावर त्यांनी हात जोडले. "हजूर साहिब से आई है बेटी," म्हणाले, आणि त्याच दमात विचारलं, बायको वाचेल ना? ही त्यांच्या तोंडावर हसली.

"काका, त्यांनी फक्त जोडलेले हात खाली घेतले."

पुन्हा नापास झाली तर तिला वॉर्डात पाठवणार नव्हते. त्याची तिला फिकीर नव्हती. "मला परत तसं कुणासमोर हसायचं नाहीये. तुम्ही मला हसवा. जमेल तेवढं हसवा."

नटाला अशी विनंती आयुष्यात एकदाच होते.

दर रविवारी ती ट्रॅफिक तुडवत आमच्या झिरकपूरच्या फ्लॅटवर यायची. मी तिच्यासाठी निवृत्त सुभेदार झालो, जो बातमी ऐकून सलाम ठोकतो. बायकोची ओढणी घेऊन मावशी झालो. स्वयंपाकघरातून बायको म्हणायची, "एवढं पाणी कांद्याने पण येत नाही हो."

मुलगी तळहाताला चिमटे काढायची, जीभ चावायची. जीभ चावून बोलताना तीच पेशंट वाटायची. उपयोग शून्य. शेवटी एका रविवारी हसता हसता मधेच थांबली.

"काका, मी तुमचं ऐकतच नाहीये. मनात पुढचं वाक्य पाठ करत असते, आणि तेवढ्यात हसू घुसतं."

मग तिने रीत बदलली. एकच वाक्य बोलायचं, स्टूल जवळ ओढायचं आणि गप्प बसून समोरच्याचं ऐकायचं. तरी हसू फुटायचंच, फक्त कमी.

"परत," ती म्हणायची.

"अगं, चहा तरी घे."

"परत, काका."

दुसऱ्या परीक्षेआधी तिने मला बजावलं, "सूट दिलीत तर बोलणार नाही तुमच्याशी."

मी कसली सूट देतोय. बातमी ऐकताच खुर्चीतून पूर्ण घसरलो, जमिनीवर फतकल मारली आणि ठेवणीतला हंबरडा काढला. तिच्या ओठांची कड थरथरली. आता फुटणार, मला वाटलं. तिने फाइल बाजूला ठेवली आणि माझ्याशेजारी फरशीवर येऊन बसली.

"मैं यहीं हूँ जी."

पुढे काही बोलली नाही. नुसती माझ्याकडे बघत राहिली. मी एक उसासा टाकला, मग दुसरा. समोरचा इतका मन लावून ऐकत असेल तर नाटक फार वेळ टिकत नाही, हे मला तेव्हा कळलं. पेशंटच्या ठरलेल्या संवादांत नसलेला प्रश्न माझ्या तोंडून साध्या आवाजात निघाला, "बीवी को कौन बताएगा?"

"आप चाहें तो मैं साथ बैठूँगी."

बाईंनी पास लिहिलं.

बाहेर मी अभिनंदन करायला हात पुढे केला. तिने तो घाईने हलवला.

"रविवारी येते."

"आता कशाला? पास झालीस की."

"ओठ हलले होते, काका. तुम्ही पाहिलंत. उद्यापासून समोर खरी माणसं आहेत."

घरी जाऊन मी नवा पेशंट बसवायला घेतला. याला वाईट बातमी ऐकली की उचकी लागते. आरशासमोर दहा-बारा देऊन पाहिल्या. बायको दारात येऊन बघत राहिली.

"भयंकर आहे हो हे."

"तसाच लागणार आहे तिला," मी म्हणालो आणि पुढची उचकी जरा लांबवली.